काडी घालण्याआधी

मोटारीच्या पोटात हजारो भाग असतात. त्यांतला एक बाहेर काढायला शिक्षण लागत नाही, पाना लागत नाही आणि परवाना तर मुळीच लागत नाही. तो म्हणजे तेल मोजायचं गेज. बॉनेट उघडायचं, कडीत बोट अडकवून गेज उपसायचं, पुसायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा उपसायचं आणि डोळे बारीक करून नुसतं ‘हं’ म्हणायचं. पुण्यातल्या एका अख्ख्या पिढीचं मोटारज्ञान या ‘हं’वर उभं होतं. प्रीमिअर पद्मिनी (जिला घरात कुणी पद्मिनी म्हणत नसे, फियाटच म्हणत) दर रविवारी अंगणात आ वासून उभी असायची. इंजिन ऑइल, रेडिएटरचं पाणी, बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर एवढं बघून झालं की मालक आंघोळीला मोकळा. गाडी बुधवारी लकडी पुलावर बंद पडायची ती पडायचीच. पण बघितलं नव्हतं म्हणून पडली, असं बोलायची कुणाची टाप नव्हती.

या पिढीतले एक निवृत्त बँक अधिकारी, राहणार कोथरूड, मुलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला सहा महिन्यांसाठी गेले. पहिल्याच आठवड्यात त्यांना कामाचा तुटवडा जाणवू लागला. दूध आणायचं नाही, पासबुक भरून आणायचं नाही, सोसायटीच्या वॉचमनला काही सुनवायचंही नाही. मग नजर खाली पार्किंगमध्ये गेली. तिथे जावयाची होंडा अ‍ॅकॉर्ड उभी होती. एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी वंशपरंपरेनं आलेली, आणि अर्थातच ऑटोमॅटिक.

“जावईबापू, ऑइल शेवटचं कधी बघितलंत?”

“बाबा, कमी झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो.”

“आमच्याकडे दिवा शेवटी लावतात,” सासरे म्हणाले आणि खाली उतरले.

बॉनेट उघडल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो नायगारा बघूनही झाला नव्हता. आत दोन गेज होती! एक इंजिनाचं. दुसरं ट्रान्समिशनचं, म्हणजे त्यांच्या भाषेत गिअर ऑइलचं. फियाटमध्ये गिअर ऑइल बघायचं तर गाडीखाली शिरावं लागे, आणि मेकॅनिक खालून जे सांगेल ते सत्य मानावं लागे. इथे ते उभ्या उभ्या, झब्ब्याची इस्त्री न मोडता बघता येणार होतं. त्यांनी कडीत बोट घातलंच होतं, तेवढ्यात जावयानं वरच्या गॅलरीतून हाक मारली, “बाबा, थांबा! त्याची पद्धत वेगळी आहे!”

पद्धत ग्लोव्ह बॉक्समधल्या पुस्तकात होती. इंजिन ऑइल बघायचं तर गाडी बंद करून, थोडी थांबवून, तेल खाली उतरल्यावर बघायचं, हे सासऱ्यांना चाळीस वर्षं ठाऊक. ट्रान्समिशनसाठी मात्र होंडाचं म्हणणं असं, की गाडी आधी पूर्ण तापवा. रेडिएटरचा पंखा सुरू झाला पाहिजे. मग सपाट जागेवर उभी करून बंद करा आणि बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत गेज बघा. ६० च्या आधी नाही, ९० च्या नंतर नाही. लग्नाचा मुहूर्तसुद्धा भटजी पाच-दहा मिनिटं पुढेमागे करून देतात. होंडानं सारा कारभार ३० सेकंदांत बसवला होता.

गाडी तापवायची म्हणजे नुसती उभी ठेवून चालणार नव्हतं. उभ्या गाडीचं इंजिन ३ मिनिटांपेक्षा जास्त वेळ विनाकारण चालू ठेवायला न्यू जर्सीत मनाई आहे. म्हणून तेल बघण्यासाठी आधी फिरायला जाणं आलं. ओक ट्री रोडपर्यंत जाऊन यायचं ठरलं. ओक ट्री रोडला गेलंच आहोत तर मेथी घ्यावी, असं सासूबाईंना वाटलं. मेथीबरोबर कढीपत्ता आला, कढीपत्त्याबरोबर ‘किती महाग’ यावरची चर्चा आली आणि सगळे घरी परतले तेव्हा गेज नळीसकट गार होऊन बसलं होतं.

पुढचा प्रश्न सपाट जागेचा. डोळ्यांना जे सपाट दिसतं, त्यावर बँकेतल्या माणसानं विश्वास ठेवावा तरी कसा? सासऱ्यांनी घरातून एक लिंबू आणलं आणि पार्किंगच्या डांबरावर ठेवून ते गडगडतं का, हे वाकून पाहायला सुरुवात केली. चाकाशी लिंबू आणि शेजारी वाकलेले वयस्कर गृहस्थ हे दृश्य तिसऱ्या मजल्यावरच्या हैदराबादच्या कुटुंबानं पाहिलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं. “न्यू कार, अंकल? काँग्रॅच्युलेशन्स!” म्हणून ते पेढ्याच्या आशेनं खाली आले. ते आले म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे सुरतचे आले. बॉनेट उघडं दिसलं म्हणून समोरचा अमेरिकन आजोबा हातात जंपर केबल घेऊन आला. बॉनेट उघडं असलं की बॅटरीच उतरलेली असणार, ही त्या देशाची श्रद्धा आहे आणि तिच्यात कुठेही वाईट हेतू नाही.

आता चार डोकी जमली. सुरतच्या गृहस्थांकडे जुनी कॅमरी होती. “इंजिन बंद? अजिबात नाही! चालू पाहिजे.” टोयोटाच्या अशा गाड्यांचं पुस्तक खरंच तसं सांगतं. गाडी गरम हवी, इंजिन चालू हवं, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा ‘पी’पासून ‘एल’पर्यंत एकेका घरात न्यायचा, परत ‘पी’त आणायचा आणि मग चालू इंजिनात गेज बघायचं. अमेरिकन आजोबानं मान हलवली. त्याच्या तरुणपणी क्रायस्लर होती आणि तिचं तेल ‘न्यूट्रल’मध्ये बघायचं असे. “पार्क? नो सर. न्यूट्रल.” हैदराबादचे म्हणाले, त्यांच्या गाडीला गेजच नाही. हे ऐकून सगळ्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बिचाऱ्यांनी लगेच दोन घास कमी खाल्ले असते.

प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं. फक्त प्रत्येकाची गाडी वेगळी होती आणि समोर उभी होती ती कुणाचीच नव्हती, सासऱ्यांच्या जावयाची होती.

या सगळ्या तऱ्हांमागे कारण आहे, आणि ते तसं सरळ आहे. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमधलं तेल नुसतं वंगण नसतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे पोचते ती या तेलातूनच. आतले क्लच दाबून गिअर बदलतं तेही या तेलाचा दाब. शिवाय उष्णता वाहून नेणं आहेच. इंजिन चालू असताना पंप हे तेल वर खेचतो आणि ते कन्व्हर्टरमध्ये, नळ्यांमध्ये, कूलरमध्ये पसरतं. इंजिन बंद केलं की ते हळूहळू खालच्या भांड्यात परत येतं आणि पातळी वाढलेली दिसते. तापलं की फुगतं, म्हणून गेजवर थंडीची खूण वेगळी आणि गरमीची वेगळी. थोडक्यात, या तेलाची ‘खरी’ पातळी अशी नसतेच. ज्या कंपनीनं ज्या क्षणी बघायला सांगितलं, त्या क्षणापुरती ती खरी. प्रस्तुत लेखकाला पेट्रोलचं झाकण गाडीच्या कुठल्या अंगाला आहे हे दर वेळी पंपावर उतरून बघावं लागतं, तेव्हा यावर अधिक बोलणं त्याला शोभणार नाही.

अखेर एका शनिवारी सारे योग जुळले. गाडी तापलेली, जागा लिंबानं प्रमाणित केलेली, घड्याळ सासूबाईंच्या हातात. जावयानं किल्ली फिरवली. सासूबाईंनी मोजायला सुरुवात केली. साठाला सासऱ्यांनी गेज उपसलं आणि पुसण्यासाठी खिशातून खास पुण्याहून आणलेली चिंधी काढली. जुन्या बनियनची. मुलगी ओरडली, “बाबा, ती नको! तिचे धागे निघतात!” हेही खरं होतं. या ट्रान्समिशनच्या आत तेलाच्या वाटा इतक्या अरुंद असतात, की चिंधीचा एखादा धागासुद्धा आत जाऊ नये असं जाणते सांगतात. पण ज्या बनियननं वीस वर्षं सेवा केली आणि निवृत्तीनंतर आणखी दहा वर्षं फियाट पुसली, तिच्यावर हा आळ सासऱ्यांना सहन होईना. “हिचे धागे? हिच्यात आता धागे उरलेत कुठे?” त्यांनी ती उजेडात धरून दाखवली. पलीकडची अ‍ॅकॉर्ड तिच्यातून स्पष्ट दिसत होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “अहो, नव्वद झाले.”

पुन्हा ओक ट्री रोड. पुन्हा मेथी.

पुढच्या खेपेला कागदी रुमाल होते. गेज पुसलं, घातलं, काढलं. एका बाजूनं तेल वरच्या खुणेला भिडलेलं, दुसऱ्या बाजूनं खालच्या खुणेच्याही खाली. नळीच्या भिंतीला लागलेलं तेल गेजला चिकटतं, म्हणून दोन बाजूंची साक्ष जुळत नाही. अशा वेळी कमी दिसणारी बाजू धरायची असते. सासऱ्यांनी बँकेच्या शिस्तीनं ते पुन्हा पुन्हा पडताळलं आणि प्रत्येक वेळी कागदी रुमालावर एक थेंब टिपून तो निरखला. रंग लाल. हा रंग मुद्दाम घातलेला असतो, गाडीखाली डाग पडला तर तो इंजिनाचा की ट्रान्समिशनचा हे कळावं म्हणून. (टोयोटानं आपला कूलंटही लाल ठेवून या सोयीवर पाणी फिरवलं, ती गोष्ट वेगळी.) तेल तपकिरी झालं आणि करपल्याचा वास आला तर क्लच जळताहेत असं समजावं. गुलाबी, दुधाळ झालं तर त्यात पाणी शिरलंय. सासऱ्यांनी वास घेतला, रंग पाहिला, समाधानानं ‘हं’ केलं आणि रुमाल स्वयंपाकघराच्या ओट्यावर विसरून गेले. तिथे लाल डागांची ती थप्पी सासूबाईंच्या नजरेस पडली आणि एडिसनमध्ये ९११ ला फोन जायचा तो केवळ त्यांना इंग्रजीत पत्ता सांगता येईना म्हणून राहिला.

तेल जरासं कमी होतं. हे निदान झालं तेव्हा सासऱ्यांचा चेहरा उजळला. आता दुकानात जाणं क्रमप्राप्त होतं.

अमेरिकेतल्या मोटारसामानाच्या दुकानात ट्रान्समिशनच्या तेलाची अख्खी भिंत असते. डेक्सरॉन, मर्कॉन, एटीएफ प्लस फोर, टोयोटाचं डब्ल्यूएस आणि होंडाचं आपलं वेगळंच. एकाचं दुसऱ्याला चालेलच असं नाही, कारण क्लचनं किती घसरावं आणि कुठे पकडावं हे तेलातल्या रसायनांवर ठरतं. या घर्षणाच्या पायी माणूस कुठवर गेला होता, हे जावयानं तिथे उभ्या उभ्या सांगितलं. जनरल मोटर्सनं १९३९ मध्ये हायड्रा-मॅटिक बाजारात आणलं आणि ऑटोमॅटिक गाड्यांचं युग सुरू झालं. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल मिसळलं जायचं. १९७३ साली संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा आला, देवमाशाचं तेल बंद झालं आणि रसायनतज्ज्ञांना दुसरा उपाय शोधावा लागला.

सासरे दोन पावलं मागे सरकले होते. “म्हणजे आता यात ते नाही ना?”

“नाही, बाबा. पूर्ण शाकाहारी.”

“मग दोन घ्या.”

दोन घेतल्या. एकेक बाटली एका क्वार्टची, म्हणजे ९४६ मिलिलिटरची. जुन्या अमेरिकन गाड्यांत गेजच्या दोन खुणांमधलं अंतर जेमतेम एका पिंटाचं, म्हणजे क्वार्टच्या निम्मं असे. अ‍ॅकॉर्डला तर त्याहूनही थोडं हवं होतं. नरसाळ्यातून, गेजच्या त्याच बारीक नळीतून, चहाच्या चमच्याच्या हिशोबानं घालायचं. पण बाटली एकदा फोडली की उरलेल्याचं करायचं काय? उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी थालीपिठात घालणाऱ्या संस्कृतीत वाढलेल्या माणसाला अर्धी बाटली फडताळात ठेवणं जमत नाही. जावई फोनवर बोलत होता तेवढ्या वेळात सासऱ्यांनी बाटली उपडी केली.

तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, गिअर उशिरा पडतो, गाडी घसरल्यासारखी चालते. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळतात, त्याला फेस येतो, आणि फेसात हवाच असल्यामुळे परिणाम पुन्हा तोच. म्हणजे जास्तीचं काढणं आलं. ते त्याच नळीतून वर ओढून काढायचं होतं. मुलीनं डॉलर स्टोअरमधून टर्की बास्टर आणला. तिथले लोक थँक्सगिव्हिंगला टर्की भाजताना तिच्यावर रस सोडायला हा रबरी फुग्याचा पंप वापरतात. सासऱ्यांनी त्याला पातळ रबरी नळी जोडली आणि एका दुपारी थेंब थेंब करत पाऊण बाटली परत मिळवली. ती त्यांनी नीट झाकण लावून ठेवली. बास्टर सासूबाईंनी साबणानं धुऊन स्वयंपाकघरात लावून टाकला. पुढे सत्यनारायणाला आलेल्या एका बाईंनी त्यानं जिलब्या घालता येतील का, असं विचारलं तेव्हा घरातल्या चारही माणसांना एकदम खोकला आला.

ही गंमत आता संपत आली आहे. गेजची काडी माणसाच्या हातात राहिली की माणूस घालणार, हे मोटार कंपन्यांनी ओळखलं. आधी काहींनी नळी ठेवली आणि गेज काढून घेतलं. मर्सिडीजच्या अनेक गाड्यांत नळीला टोपण असायचं, टोपणाला मोडावी लागणारी खिटी असायची आणि आत बघायचं गेज फक्त वर्कशॉपकडे. क्रायस्लरनं तशाच टोपणावर ‘फक्त डीलरसाठी’ असं लिहिलं. मग नळीही गेली. ट्रान्समिशन सीलबंद झालं आणि कित्येक कंपन्यांनी जाहीर केलं, की हे तेल आयुष्यभराचं आहे, बदलायचं नाही.

आयुष्य कुणाचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मासिकाच्या आजीवन वर्गणीदारालाही हाच प्रश्न पडतो आणि उत्तर बहुधा मासिकाच्या बाजूनं लागतं. जर्मनीची झेडएफ कंपनी बड्याबड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून देते. तिचा स्वतःचा सल्ला आहे, की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की तेल बदला. गिअरबॉक्स करणारा सांगतो बदला, गाडी विकणारा सांगतो हात लावू नका, आणि मालक बिचारा दोघांवर विश्वास ठेवून हप्ते भरतो.

भारतात तर ऑटोमॅटिकची लाट आली तीच गेज गेल्यानंतर. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणलं आणि ‘ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंतांची’ हा समज मोडला. पण एएमटी म्हणजे नेहमीचाच हाती गिअरबॉक्स, क्लच दाबायला नि गिअर टाकायला आत यंत्र बसवलेलं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, लाल तेल नाही, गेज तर नाहीच. कोथरूडला परतल्यावर सासऱ्यांनी सोसायटीतल्या तीन-चार नव्या गाड्यांची बॉनेटं उघडायला लावली आणि आत काळं प्लास्टिकचं झाकण पाहून, चुकीच्या घरी सांत्वनाला आल्यासारखे परत फिरले.

भाच्याची मोठी गाडी मात्र खऱ्या ऑटोमॅटिकची निघाली. तिची पातळी बघायची सीलबंद पद्धत अशी, की गाडी लिफ्टवर सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, कॉम्प्युटर जोडून तेलाचं तापमान बघायचं आणि ते ठरलेल्या पट्ट्यात, म्हणजे ४० ते ४५ अंशांत असताना खालचा बोल्ट उघडायचा. तेलाची धार लागली तर जास्त आहे. थेंब थेंब पडलं तर बरोबर. काहीच पडलं नाही तर कमी. सासऱ्यांना ही पद्धत मनापासून आवडली. अडचण एकच, ग्राहकानं ती काचेच्या पलीकडून बघायची होती.

“लेव्हल ओके आहे, काका,” सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला.

“कोणी बघितली?”

“सिस्टिममध्ये टिक आहे.”

“मला थेंब बघायचाय.”

महिना एप्रिलचा होता. गाडी कर्वे रोडच्या गर्दीतून आली होती आणि तेल ७८ अंशांवर होतं. मुलानं सांगितलं, थंड व्हावं लागेल, बसा. सासरे बसले. मशीनचा चहा प्यायले. दोन तासांनी तेल ५५ वर आलं. वर पत्र्याची शेड, बाहेर ३९ अंश. सासऱ्यांच्या आग्रहावरून उभा पंखा आणून गाडीखाली लावला. मेकॅनिक मंडळी जेवून आली आणि तेल बाहेरच्या हवेशी इमान राखत ४८ वर अडून राहिलं. आणखी अर्ध्या तासानं ते ४६ झालं आणि इंजिन चालू करताच पुन्हा वर चढलं.

“काका, सकाळी लवकर आणा गाडी.”

“किती लवकर?”

“आम्ही साडेनऊला उघडतो.”

“साडेनऊला ऊन चढलेलं असतं.”

मुलानं घाम पुसला. “मग असं करा, जूनमध्ये या. पाऊस सुरू झाला की.”

सासऱ्यांनी खिशातून डायरी काढली, जूनचं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “पहिला पडल्यावर येऊ, की चांगला बसल्यावर?”